दोनदा आत येणारे व्याहीबुवा

काशीत मरायला येणारी माणसं पुष्कळ. पण एकाच घरात, एकाच दुपारी, एकाच दारातून दोनदा पाहुणा म्हणून येणारा माणूस या शहरानं एकच पाहिला असेल, आणि तो नेमका माझ्या नणंदेचा सासरा निघाला. आमचं सगळं घर त्यांना व्याहीबुवा म्हणतं. व्यवसायानं वकील. मी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत भाड्याच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवते. माझ्याकडे येणारी मुलं फुलवाल्यांची, नाववाल्यांची, गेस्टहाउसात भांडी घासणाऱ्या बायकांची. घरमालकानं माझ्यावर दावा लावला, तेव्हा व्याहीबुवा पहिल्यांदा काळा कोट घालून माझ्या दारात आले. मी लगबगीनं पाट मांडला, कारण मुलाकडचे व्याही घरी आले की मान करायचा, गोडाचं करायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांनी पाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि मला, म्हणजे ज्या बाईच्या हातचे चिरोटे ते दर दिवाळीला मागून घेतात तिला, गंभीरपणे विचारलं, "बहनजी, आपका शुभ नाम?"

कोट अंगावर असला की व्याहीबुवा हिंदीत बोलत आणि कोणालाही ओळखत नसत. सगळी हकीकत विचारून झाली की उठत, बाहेर गल्लीत जात, कोट काढून घडी करून हातावर घेत, आणि पुन्हा कडी वाजवून मराठीत विचारत, "वहिनीबाई, आहे का कोणी घरात?" मग पाट चालत असे, चहा चालत असे, चिरोटेही चालत. माझ्या नवऱ्यानं एकदा धीर करून विचारलं की हा खटाटोप कशासाठी. ते म्हणाले, "अशिलाकडे खाल्लं तर ती फी झाली. व्याह्याकडे नाही खाल्लं तर तो अपमान झाला. मी दोन्ही पापं करत नाही." फी ते आमच्यासारख्यांकडून घेतच नसत. विणकरांच्या वस्तीत, नाववाल्यांच्या वस्तीत ज्या बायका आपल्या एका खोलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची पोरं सांभाळतात, त्या सगळ्यांचे ते फुकटचे वकील होते. दर रविवारी माझ्या दाराशी त्या बायका जमत, आणि भाड्याचा करार कसा असावा, पोर पडलं तर आधी कोणाला कळवायचं, वस्तीतला दादा दमदाटी करायला आला तर काय बोलायचं, हे सगळं व्याहीबुवा त्यांच्याकडून घोकून घेत. एखादी चुकली की पुन्हा पहिल्यापासून! ते दादाचं काम इतक्या रंगात येऊन करत की एकदा एका विणकरणीनं खरोखरच लाटणं उगारलं होतं. ते खूश होऊन म्हणाले, "शाबास! लेकिन पहले ज़बान, बाद में बेलन."

त्यांचा लाडका नियम एकच होता: ज्यानं मूल आणून सोडलं, त्याच्याच हाती परत द्यायचं, मग मागणारा साक्षात विश्वनाथ का असेना. एकदा माझा भाचा, म्हणजे त्यांचा स्वतःचा नातू, माझ्याकडे होता आणि संध्याकाळी त्याला न्यायला आले हे. मूल आणून सोडलं होतं नणंदेनं. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, "व्याहीबुवा, देता येणार नाही." आतून नातू 'आजोबा, आजोबा' म्हणून टाहो फोडत होता, शेजारीण खिडकीतून मला निष्ठुर म्हणत होती, आणि व्याहीबुवांचा चेहरा मात्र असा उजळला की अंगावर कोट नसतानाही ते हिंदीत बोलले, "बिल्कुल सही किया, बहनजी!" मग नणंद बँकेतून सुटेपर्यंत ते पायरीवर बसून राहिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला माझं कौतुक सांगत राहिले.

दाव्याबद्दल सांगायचं तर घरमालकाला आमच्या तळमजल्यासकट सगळ्या घराचं गेस्टहाउस करायचं होतं. यात्रेकरू इतके वाढलेत की आमच्या गल्लीत आता घर कमी आणि पाट्या जास्त. तो वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. वरच्या खोल्या त्यानं आधीच यात्रेकरूंना दिल्या होत्या आणि कोर्टात म्हणणं मांडलं होतं की खाली दिवसभर असा गोंगाट चालतो की वर कोणाचा डोळा लागत नाही. दावा त्याच्या बाजूनं लागला असता तर मी दुसरीकडे कुठंतरी गेले असते, पण मुलं कुठं जाणार होती? माझ्याकडे मुन्नी नावाच्या फुलवालीची लेक आहे. पाळणाघर नव्हतं तेव्हा मुन्नी शिंदे घाटावर माळा विकताना तिला साडीच्या पदरानं छत्रीच्या दांड्याला बांधून ठेवायची. चार पायऱ्या खाली गंगा. ती गाठ मला रात्री झोपेतही दिसायची.

कोर्टानं एक तरुण वकील पाहणीसाठी नेमला. तो दुपारी येणार होता, आणि व्याहीबुवा सकाळीच कोट चढवून हजर झाले. अशिलाचा दिवस स्वतः काढल्याशिवाय त्याची बाजू मांडायची नाही, हा त्यांचा खाक्या. नाववाल्याच्या खटल्यात ते म्हणे दिवसभर वल्हं मारून आले होते आणि पुढचा आठवडा त्यांना पेला उचलता येत नव्हता. माझ्याकडे त्यांनी मुलांच्या ओळीत बसून हात धुतले, मऊ खिचडी खाल्ली ("यह फ़ीस नहीं, यह सबूत है"), आणि मी मुलांना थोपटायला लागले तेव्हा भिंतीला टेकून बसले. मुलं झोपली. पाठोपाठ व्याहीबुवाही झोपले. आणि मग ते घोरायला लागले. त्यांचं घोरणं म्हणजे साधंसुधं घोरणं नव्हे. गिरणी सुरू होते, मध्येच पट्टा निसटतो, सगळं शांत होतं, आपण घाबरतो, आणि ती दुप्पट जोरानं पुन्हा सुरू होते. मी त्यांना हलवणार इतक्यात दाराबाहेर घरमालकाचा विजयी आवाज आला, "सुन रहे हैं न साहब? यही है रोज़ का हल्ला! इसी में जी रहे हैं हम लोग!"

मी दार उघडलं. पाहणीला आलेला मुलगा आत डोकावला. ओळीनं निजलेली लेकरं, मुन्नीची लेक तोंडात अंगठा घालून, आणि त्यांच्या रांगेच्या शेवटी काळ्या कोटात आमची बाजू. त्यानं बूट काढून हातात घेतले, चवड्यांवर चालत सगळी खोली पाहिली आणि बाहेर येऊन कुजबुजत विचारलं, "आवाज़ इन्हीं की है?" पाहणीच्या अहवालात लिहिलं गेलं की जागेत आढळलेला एकमेव गोंगाट प्रतिवादीच्या वकिलांचा होता. न्यायाधीश म्हणे हसू दाबायला बराच वेळ पाणी पीत राहिले. दावा फेटाळला गेला. त्या संध्याकाळी मुन्नीनं व्याहीबुवांच्या गळ्यात झेंडूची एवढी मोठी माळ घातली की त्यांना समोरचं दिसेना, आणि मी पदराआड रडले ते रडलेच.

विहीणबाई वारल्या आणि त्यानंतर व्याहीबुवांना हळूहळू विस्मरण होऊ लागलं. दुपारी त्यांच्या घरी कोणी नसतं. म्हणून आता नणंद बँकेत जाताना त्यांना माझ्याकडे सोडून जाते. संकोचून तिनं विचारलं होतं, "वहिनी, जमेल का गं?" मला तिचा रागच आला. ज्या माणसाच्या जोरावर हे दार उघडं आहे, त्यालाच मी आत घेणार नाही? ते मुलांच्या ओळीत बसून खिचडी खातात, दुपारी त्याच भिंतीशी झोपतात, आणि त्या गिरणीवाचून आता मुलांना झोप येत नाही. मध्ये एकदा त्यांचा मुलगा न्यायला आला, तर हे जागचे हलेनात. "जिसने छोड़ा है, वही ले जाएगी," म्हणाले. बिचाऱ्याला बायकोला बोलावून घ्यावं लागलं.

रोज झोपेतून उठले की ते चिंतेनं विचारतात, "बहनजी, तारीख कब है? ये बच्चे कहाँ जाएँगे?" मी सांगते, "वकील साहब, हम जीत गए." त्यांचा चेहरा तसाच उजळतो, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मग ते उठून गल्लीत जातात, अंगावर नसलेला कोट काढतात, नीट घडी करून हातावर घेतात. गल्लीतून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे माणसं जात असतात. त्यांच्यामागे हे चालू लागतील, या धास्तीनं मी उंबऱ्यावरच उभी असते. क्षणभर ते त्या गर्दीकडे बघत राहतात. मग वळतात आणि उघड्या दाराची कडी वाजवून विचारतात, "वहिनीबाई, आहे का कोणी घरात?"

"या व्याहीबुवा," मी म्हणते, "तुमचीच वाट बघत होते."