चौथा बोल्ट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. टँकरचा तो बोल्ट मी मोडला होता.

लातूरचा तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. म्हाताऱ्या ट्रकांवर पाण्याच्या टाक्या चढवून ते खेड्यांकडं पळवत होते. मोडले की आमच्या गॅरेजात यायचे. टाकीचं काम कुणाला नको असायचं. पाण्यानं बोल्ट असे गंजतात, की पाना लावला तरी दगडाला लावल्यासारखं वाटतं.

आमच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांची शिकवण एकच होती. गंजून धरलेल्या बोल्टला घासलेट पाजायचं अन् थांबायचं. मग थोडा सोडायचा, थोडा परत कसायचा, पुन्हा सोडायचा. जोर करायचा न्हाई.

त्या दिवशी टाकीच्या मागच्या व्हॉल्व्हचं गळकं रबरी पॅकिंग बदलायचं होतं. चार बोल्ट. तीन निघाले, चौथा हलेना. ड्रायव्हर सारखा हॉर्न मारत होता. "बायका घागरी घेऊन रस्त्यावर बसल्यात गड्या, तू काय बोल्टाला पाळण्यात घालून राहिलास का?"

मी पान्यात पाइप घातला, चाकाला पाय लावला आणि ओढलं. बोल्टचं डोकं तटकन तुटून हातात आलं.

मोडका तुकडा काढायचा तर त्याच्यावर नट वेल्ड करावा लागतो. लाइट गेलेली. आणि आदल्याच आठवड्यात माझ्या हातून एक बोल्ट मोडला होता तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "आता एक मोडलास की गावाकडची गाडी धर." मी टाकीखाली उताणा पडून होतो. बाहेर निघावं तर उस्ताद, आत राहावं तर हॉर्न. मी व्हॉल्व्ह नव्या पॅकिंगवर बसवला, तीन बोल्ट हातानं फिरवले. तुटलेलं डोकं साबण आणि ग्रीस लावून चौथ्या जागी चिकटवलं. वरून चिखल फासला.

एवढ्यात दादा जेवून आला. दादा म्हणजे माझ्याबरोबरचा मिस्त्री, किनवटकडचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतलेला. आम्ही मराठे. गॅरेजात एका ताटात जेवायचो, त्यामुळं फरक काही नाही असं मला वाटायचं.

"सरक, मी कसतो. तुझा चेहरा का असा झालाय?"

"गरमीनं. दादा, ह्यो एक मी कसलाय. बाकीचे तीन कस फक्त."

त्यानं विचारलं नाही, तपासलं नाही. तीन कसले.

संध्याकाळी टँकर परत आला. निम्म्या वाटेत पॅकिंग त्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं. गावात पोचेपर्यंत टाकीत थेंब नव्हता. ड्रायव्हरला बायकांनी दगड मारले होते. उस्तादनी खाली वाकून मोडका तुकडा बघितला. गॅरेजात रीत होती, शेवटचा पाना ज्याचा, जिम्मा त्याचा.

"शेवटचा पाना कुणाचा?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"माझा," तो म्हणाला.

उस्ताद म्हणाले, "पाण्याच्या कामाला तुमच्यातला माणूस लावला, तिथंच माझं चुकलं."

मी आणखी खाली बघितलं. दादानं हात धुतले, शर्ट बदलला आणि गेला. त्याच्या जागी उस्तादनी मला बढती दिली.

पुढं मी नांदेडला आलो, विष्णुपुरीच्या वाटेवर स्वतःचं गॅरेज टाकलं. धरलेला बोल्ट आला की अजून मला त्या टाकीखालचा अंधार आठवतो. दुसऱ्याला पुढं करतो.

गेल्या पावसाळ्यात दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. केस पांढरे. सोबत मुलगी, हातात कॉलेजची पिशवी.

"वळखलं का? लई शोधत आलो गड्या."

दादाच. मुलीला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. मी खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला.

"तू काय करतोस आता?"

"शाळेत शिपाई. पान्याला पुन्हा हात लावला न्हाई." मग मुलीकडं वळून हसला. "हिला सांगून ठेवलंय. बोल्ट समोरासमोरचे कसायचे, थोडेथोडे. तुझ्या बापानं तीन एका दमात आवळले, चौथ्यावर सगळा ताण आला अन् तटकन मोडला. एका गावाचं पाणी सांडलं माझ्या हातानं."

मुलगी म्हणाली, "काका, हे ते रोज सांगतात."

मी म्हणालो, "चहात साखर टाकू का अजून?"

दोघं गेले. मुलगी वसतिगृहातच आहे, माझ्या गॅरेजापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. दादा महिन्याकाठी तिला भेटायला येतो, जाताना मला हात करून जातो.

तो बोल्ट तू मोडला नाहीस, मी मोडला. एवढं मला त्याला सांगायचं आहे, मुलीच्या देखत. ते अजून बाकी आहे.