एकट्याचा वन्समोअर

एका जुन्या संगीत नाटकाचा नवा, दोन तासांचा प्रयोग मी रविवारी दुपारी पाहिला. शेजारच्या खुर्चीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक आजोबा होते. पद सुरू झालं की त्यांची बोटं गुडघ्यावर पेटी वाजवल्यासारखी हलायची.

मध्यंतरात मागच्या रांगेत वाद पेटला.

"पदं आहेत की जाहिराती? सुरू होईपर्यंत संपतात!" एक काका म्हणाले.

"अहो, जुन्या प्रयोगाला तुम्ही पहिल्या अंकातच घोरत होतात," त्यांच्या बायकोने सांगितलं.

काकांनी आजोबांना साक्षीला ओढलं. आजोबा म्हणाले, "याच नाटकाला मी बावीस वर्षं ऑर्गन वाजवला. शेवटची एसटी गाठायची असली की आम्हीही कडवी गाळायचो."

दुसऱ्या अंकात नायिकेचं पद फार सुंदर झालं. टाळ्या पडल्या आणि आजोबांनी ताठ बसून आवाज दिला, "वन्समोअर!" पूर्वी एवढ्यावर पद पुन्हा गायलं जायचं, हे आईकडून ऐकलं होतं. नायिका थबकली, तिने आमच्या दिशेने पाहिलं. पण साथीचं संगीत रेकॉर्ड केलेलं होतं आणि ते पुढे निघालं होतं. आणखी दोन-चार आवाज उठले असते, तर तिने कदाचित ते बंद करायला लावलं असतं. माझ्या तोंडात शब्द तयार होता. शाळेतही उत्तर येत असून मी हात वर करत नसे. इथेही गप्पच राहिले.

तिने हात जोडले आणि पुढचं वाक्य घेतलं.

"मुलगी गुणी आहे," आजोबा हळूच म्हणाले. "टेपला ऐकू येत नाही, एवढंच."

मला मात्र नीट ऐकू आलं होतं.