निवडणुकीचा खर्च गावाने करावा म्हणणारे विसूभाऊ

"विसूभाऊ गेले," असं कल्याणहून आलेल्या त्यांच्या शेजाऱ्याने ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात मला सांगितलं, तेव्हा मी सहज विचारलं, "कुठे, टिटवाळ्याला?" औषधाच्या मुळ्या आणायला ते नदीकाठाने टिटवाळ्याला, कधी थेट खडवलीपर्यंत जात, आणि एकदा गेले की लवकर परतत नसत. शेजारी खाली मान घालून उभा राहिला… मग माझ्या लक्षात आलं. त्याला आता महिना होऊन गेला. या वर्तमानपत्राच्या बहुतेक वाचकांनी विसूभाऊंचं नावही ऐकलेलं नसेल, आणि कल्याणात ज्यांनी ऐकलं त्यांतले पुष्कळजण त्यांना हसले. लिहून आता काय होणार, असं मलाही वाटतं. पण गेली कित्येक वर्षं ज्या एका गोष्टीपायी हा माणूस झिजला, ती गोष्ट त्याच्याबरोबर गुपचूप जाऊ नये एवढंच मनात आहे.

आम्ही ठाण्याच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी वकील झालो आणि विसूभाऊ कल्याणात वडिलांची वैद्यकी चालवू लागले. म्युनिसिपालिटीतले काही मेंबर गावाने निवडावेत असं सरकारने ठरवलं, तेव्हा आम्हा दोघांना केवढा हुरूप आला होता! विसूभाऊ लगेच उभे राहिले. त्यांच्या वॉर्डातलं एक गटार थेट पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात उतरत होतं, आणि दर पावसाळ्यात त्या आळीतली पोरं हगवणीने त्यांच्या ओसरीवर येऊन पडत. "औषध मी देतोच रे," ते म्हणाले, "पण त्या गटाराचं तोंड फिरवायचं तर आत जाऊन बसायला हवं." त्यांच्यासमोर उभे होते लाकडाच्या वखारीचे मालक गोपाळशेठ. घरपट्टी भरणाऱ्यांनाच मत असल्यामुळे मतं देणारे थोडे, आणि सगळे ओळखीचे. शेठनी वखारीत मांडव घातला, जिलबीच्या पंगती उठवल्या, घरोघर उपरणी वाटली आणि मतांच्या दिवशी प्रत्येकाच्या दाराशी बैलाची दमणी उभी केली. विसूभाऊ घरोघर पायी फिरले, तळ्याबद्दल बोलले आणि पडले.

मला वाटलं होतं, ते चिडतील. पण ते ओसरीवर शांत बसून होते. म्हणाले, "लोक वाईट नाहीत, शेठही वाईट नाही. पण एवढा खर्च केलेला माणूस तो भरून कुठून काढणार, सांग मला." उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. गटारावर झाकणं टाकायचं काम शेठच्या जावयाकडे गेलं, फळ्या त्यांच्याच वखारीतून आल्या, आणि झाकलेलं गटार पूर्वीसारखंच तळ्यात उतरत राहिलं. त्या पावसाळ्यात आळीतली दोन मुलं गेली. त्यातलं एक विसूभाऊंच्या मांडीवर गेलं.

त्यानंतर त्यांनी तो विचार धरला. निवडणुकीचा खर्च म्युनिसिपालिटीने स्वतः करावा. जो जो उभा राहील त्याचं निवेदन गावाच्या पैशाने छापावं, सभेला जागा द्यावी, दिव्याला तेल द्यावं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्यायला गाड्या ठेवाव्यात, आणि मग कोणीही आपल्या पदरचं काही खर्चू नये. मी वकिली काढली. म्हटलं, "फुकटात नाव छापून येतंय म्हटल्यावर रिकामटेकडे सगळेच उभे राहतील." त्याचाही त्यांनी विचार केला होता. "वॉर्डातले बरेचसे घरमालक ज्याच्यामागे उभे राहतील त्यालाच ही सवलत," असं ते म्हणाले. पुढे चांगला वैद्य म्हणून कलेक्टरसाहेबांनी त्यांना सरकारतर्फे मेंबर नेमलं. असं नेमलं जाणं त्यांना आवडलं नव्हतं, पण ठराव मांडायला मिळेल म्हणून ते गेले. ठराव मांडला तेव्हा सगळे हसले. "आमच्या घरपट्टीतून तुमची हौस भागवायची होय?" असं एकाने विचारलं. विसूभाऊ म्हणाले, "आत्ताही घरपट्टीतूनच जातंय. फक्त नंतर जातं." ठराव मात्र पडला, आणि पुढेही जेव्हा जेव्हा मांडला तेव्हा तेव्हा पडत राहिला.

मेंबरांच्या हसण्याने ते खचले नाहीत, त्यांना खचवलं धर्मा नावाच्या एका माणसाने. धर्मा बंदराकडे राहायचा. मिठागरात राबून त्याने दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, त्यामुळे त्याला मत होतं. एक दिवस मी स्टेशनातून विसूभाऊंबरोबर चालत येत असताना तो वाटेत भेटला. हात जोडून म्हणाला, "वैद्यबुवा, शेठ मेंबर झाल्यावर आमाला वलखत पन नाय. एक दिस पोटभर जेवाला घालतो, तं त्यो पन बंद करताव?" विसूभाऊ थांबले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते चालू लागले. ओसरीवर टेकल्यावर म्हणाले, "त्याला वर्षभर काही मिळत नाही, म्हणून तो एका दिवसाला धरून बसलाय. त्याचं चुकतंय असं मी कोणत्या तोंडाने सांगू?" त्यांची पत्नी, सगुणावहिनी, पाणी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग सोडून द्या की आता." विसूभाऊ दमून हसले. "सोडून देऊन करू काय?"

आणि मग कोणाच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट झाली. गोपाळशेठ स्वतः त्यांच्या ओसरीवर आले. शेठच्या विरुद्ध आता एक मिठाचा ठेकेदार उभा राहणार होता. शेठनी एक पंगत दिली की तो दोन देणार, त्यांनी उपरणं दिलं की तो धोतरजोडी देणार. शेठ थकले होते. "वैद्यबुवा, तुमचा तो ठराव पुन्हा मांडा," ते म्हणाले. "या वेळी माझी माणसं हात वर करतील." विसूभाऊंनी मला ठाण्याहून बोलावून घेतलं. मी म्हटलं, "हा माणूस स्वतःची कातडी वाचवायला आलाय." ते म्हणाले, "येऊ दे. लोक दुखणं असह्य झाल्यावरच वैद्याकडे येतात." ठराव मंजूर झाला! त्या दिवशी ते लहान मुलासारखे माझ्या गळ्यात पडले. पण मंजुरी वरून यायची होती. कागद ठाण्याला कलेक्टरच्या कचेरीत गेले. विसूभाऊ गाडीने यायचे, कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहायचे, संध्याकाळी माझ्याकडे चहा घेऊन परत जायचे. बरेच महिने गेले… शेवटी उत्तर आलं, की खाजगी माणसांच्या उमेदवारीवर सार्वजनिक पैसा खर्चता येणार नाही. फक्त सभेसाठी शाळेची जागा आणि दिव्याचं तेल द्यायला हरकत नाही.

एवढ्या वर्षांच्या खटपटीतून शाळेची एक खोली आणि थोडं तेल मिळालं. तरी दिवेलागणीला ती पहिली सभा भरली तेव्हा मी तिथे होतो. शेठ आणि ठेकेदार दोघेही उभे राहून चार चार वाक्यं कसेबसे बोलले. तेवढ्यात मागून धर्माने विचारलं, "तल्यातल्या गटाराचा काय करनार?" विसूभाऊ भिंतीला टेकून बसले होते, अंगात ताप होता. निवडून ठेकेदारच आला, पंगती त्याच्या मोठ्या होत्या. गटार अजून तसंच आहे. विसूभाऊंचा ताप छातीत उतरला आणि त्यांनी अंथरूण धरलं. मी शेवटचा भेटलो तेव्हा ते म्हणाले, "धर्माने विचारलं, ऐकलंस ना तू?"

गेल्या आठवड्यात मी कल्याणला गेलो. निवडून आलेल्या एका मेंबराची नोकरीत बदली झाल्यामुळे त्या रिकाम्या जागेची निवडणूक आहे, आणि दोघेजण उभे आहेत. विसूभाऊंच्या ओसरीवर पाच-सहाजण पोट धरून बसले होते आणि वहिनी आत खलात काहीतरी कुटत होत्या. पंगतींच्या दुसऱ्या दिवशी असे लोक नेहमीच येत, आणि विसूभाऊ प्रत्येकाला पुडी देण्याआधी एकच प्रश्न विचारत. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. वहिनी बाहेर आल्या आणि पहिल्या माणसाला त्यांनी तोच प्रश्न विचारला, "कोणाकडे जेवलात?"

तो ओशाळून म्हणाला, "दोघांकडे."

वहिनींनी पुडी त्याच्या हातावर ठेवली. "कोमट पाण्याबरोबर घ्या. आणि पोट हलकं झालं की संध्याकाळी शाळेत या. दोघंही बोलणार आहेत."