तात्या आणि ग्रीसची पांढरी भिंत

तात्या, त्या शुक्रवारी मी तुम्हाला फोन केला नसता, तर आज तुम्ही असता का?

महिना झाला. रोज स्वतःला हेच विचारतेय.

तात्या म्हणजे माझे चुलते. गवंडीकाम करायचे, रंगकामही. भूगावपासून आत मुळशीपर्यंत कितीतरी बंगल्यांना त्यांचा हात लागलाय.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. गावाजवळच्याच एका प्रोजेक्टच्या सेल्स ऑफिसात लागले, तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारणंच सोडलं.
"काय म्याडम, आज कुठला देश इकला?"

कारण आमचा प्रोजेक्ट 'ग्रीक' आहे. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळे दरवाजे, सपाट छपरं. जिथे भाताची खाचरं होती, तिथे आता समुद्र नसलेलं बेट आहे.

पहिल्याच पावसाळ्यात ते बेट काळं पडलं.

तात्या शेवाळलेल्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तिकडं पाऊस न्हाई का गं पडत?"
"कमी पडतो, तात्या."
"मग घर तिकडचं आन् पाऊस हितला. कसं जमायचं?"

मी हसले. आणि संध्याकाळी कस्टमरना ब्रोशरमधले तेच पांढरे फोटो दाखवले.

रंग द्यायच्या आधी तात्या भिंतीला तळहात लावायचे. हात गार पडला तर शिडी काढायचेच नाहीत.
"अजून प्यालेली हाय. उतरू दे तिची."

त्या शुक्रवारी आमच्या ऑफिसचे सर म्हणाले, रविवारी कस्टमर येणार आहेत, सॅम्पल बंगला पांढरा दिसला पाहिजे. पाऊस उघडून दोनच दिवस झाले होते. मी तात्यांना फोन केला. ते भिंत बघून गेले आणि दुपारी त्यांचा व्हॉइस मेसेज आला.
"म्याडम, भिंत गार हाय. छपराच्या कडंला पाय ठरत न्हाई. चार दिस ऊन लागू दे, मग करतो."

मी पुन्हा फोन केला.
"तात्या, प्लीज. मी सरांना शब्द दिलाय."
ते म्हणाले, "बरं."

शनिवारी सकाळी त्या कडेवरून त्यांचा पाय घसरला.
कमरेला सेफ्टीचा पट्टा नव्हता. साइटवरच नव्हता.

सोमवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शनिवारी काम बंद होतं. ते स्वतःहून चढले. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. तुझं करिअर आहे पुढे."

मी मान हलवली.
लिहिताना लाज वाटते. पण हलवली.

दहाव्याला मांडवात भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "एवढा जुना गवंडी, आन् वल्या छपरावर चढतोय? कुणी सांगितलं व्हतं का त्याला?"

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ओल्या भिंतीला ब्रश टेकवला नाही, त्याची अक्कल काढत होते लोक. मी तिथेच चहा वाटत होते.

काकू सगळं ऐकत होती.
संध्याकाळी मीच तिला विचारलं, "मीच बोलावलं, तुला माहीत होतं ना?"

"व्हय. मी म्हनलं बी, नगा जाऊ वल्यात. तर म्हनले, आपली पोरगी पयल्यांदाच कुनाला शब्द देतीया, तो मोडू व्हय?"
"मग तू बोलली का नाहीस?"
"तुजी नोकरी जाईल की गं."

त्यानंतर वीस दिवस मी ऑफिसला गेले. रोज त्या भिंतीसमोरून. आता ती पांढरी आहे. कडेला, ते घसरले तिथे, हातभर जागा मात्र तशीच काळी राहिलीय.

काल मी काकूला घेऊन पोलीस चौकीत गेले. जबाब लिहून दिला. काम चालू होतं. पट्टा नव्हता. तात्यांनी नको म्हटलं होतं, बोलावलं मी. त्यांचा व्हॉइस मेसेजही दिला.

हवालदारांनी जबाब वाचून दाखवला. काकू म्हणाली, "व्हय. असंच झालं."
मी सही केली. येताना राजीनामा ऑफिसात देऊन आले.

तात्यांना भिंत कळत होती. हे सगळ्यांना माहीत असावं, म्हणून ही पोस्ट.

शेवटचा नमस्कार, तात्या.