सरदार पिंजाऱ्याचं शेवटचं ड्रेसिंग

इंदापुरात कापूस पिंजावा तो सरदारनंच. माणूस मात्र तुसडा. कुणी कौतुक केलं तरी अंगावर यायचा. विरघळायचा तो फक्त मेहरीनपुढं. त्याची ही लेक जुन्या गाद्यांच्या कापसातून सुया-पिना वेचायची, मगच कापूस यंत्रात जायचा. गेल्या उन्हाळ्यात एक पिन राहून गेली. यंत्रात ठिणगी उडाली, दुकान पेटलं. मेहरीन गेली. तिला काढायला आत घुसलेला सरदार छाती-पाठ भाजून बारामतीच्या दवाखान्यात पडला.

शुद्धीवर येताच त्यानं पोरीचं विचारलं.

"जळोचीला मावशीकडं हाय," त्याची बायको सायराबानू हसून म्हणाली. जखमा भरेपर्यंत सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. असं हसायला काळीज दगडाचं करावं लागतं.

ड्रेसिंगच्या वेळी त्याला केटामाइन या भुलीच्या औषधाची सुई देत. डोळे उघडे, पण नजर भलतीकडं. "मेहरीन, हात सांभाळ, बाळा," तो पुटपुटायचा. सायरा घाबरली.

डॉक्टर रेश्मानं समजावलं, "मेंदूच्या पेशींवर दारं असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. दार उघडलं की निरोप आत जातो. हे औषध त्या उघड्या दारातच अडकून बसतं. मग जखमेचा, आजूबाजूचा निरोप नीट पोचत नाही."

"दारात खाट टाकून बसल्यावानी?"

"अगदी. मग मेंदू स्वतःच काहीबाही दाखवतो."

त्यानंतर प्रत्येक ड्रेसिंगला सायरा उशाशी बसून त्याचा शब्द न् शब्द ऐकायची. खरं सांगायचं तर तिला नवऱ्याचा हेवा वाटायचा.

जखमा भरत आल्या. "आता सुई नको, गोळीवर भागेल," डॉक्टर म्हणाल्या.

सरदारनं हात जोडले. "द्या की वं. शेवटचं एकदा."

"फार दुखतंय का?"

"दुखत न्हाय. पोर तितंच भेटती."

तो सायराकडं वळला. "मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. तू हसत हुतीस, म्हनून गप ऱ्हायलो."

इतके दिवस कोंडलेलं रडू तिनं तिथंच, सगळ्यांदेखत सोडलं. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, "माझं इचारती का वं?"

आयुष्यात कुणाचं मन राखायला गोड न बोललेला सरदार म्हणाला, "रोज इचारती."

त्याच्या बरळण्यात सायराचं नाव एकदाही आलं नव्हतं. तरी तिनं मान डोलावली.