भाऊजींच्या हाताला गुण आहे

आमच्या कंपनीत डबा खाताना बाकीच्या बायका सासूचे किस्से सांगतात. माझ्याकडं सासूचा एकही नाही. माझे सगळे दिराचे! एक सांगून संपत नाही तोवर घरी दुसरा तयार झालेला असतो, आणि तो सांगितल्याशिवाय मला भाजी गोड लागत नाही.

आधी घर सांगते. मी सोयगावची, सासर संभाजीनगरात, गारखेड्याला. वाळूजच्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळते. कुणाचा कॉम्प्युटर कुठल्या सर्व्हरशी बोलतो आणि का बोलत नाही, हे बघणं माझं काम. सासऱ्यांचं गुलमंडीत तयार कपड्यांचं दुकान आहे. त्यांना सगळे दादा म्हणतात. दुकानात त्यांच्यासोबत धाकटा मुलगा मंगेश, म्हणजे माझे भाऊजी. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण दीर म्हटल्यावर अहोजाहो आलंच. शिक्षण बीकॉम. राउटरबद्दलचं ज्ञान एवढंच, की त्याला मागं एक बटण असतं.

एका परीक्षेच्या तयारीसाठी मी घरी जुना सर्व्हर आणला आणि त्याचा डोमेन कंट्रोलर केला. म्हणजे घराचा वॉचमनच म्हणा ना. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरनं आधी त्याच्याकडं जायचं, त्यानं ओळखायचं, मग आत सोडायचं. दादा म्हणाले, "शिकतीय तर शिकू द्या." सर्व्हर देवघराशेजारच्या कोनाड्यात बसला.

*

पहिल्याच रविवारी दादांचा कॉम्प्युटर डोमेनला जोडायला घेतला. जोडेचना! स्क्रीनवर एकच रड, डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही. केबल बघितली, फायरवॉल बघितली. दादांना भजनाचे व्हिडिओ बघायचे होते. ते दर थोड्या वेळानं दारात येऊन खाकरून जात होते.

शेवटी सापडलं. डीएनएस! डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता देणारा. दादांचा कॉम्प्युटर आमच्या सर्व्हरचा पत्ता विचारत होता इंटरनेट कंपनीच्या डीएनएसला. गुलमंडीत उभं राहून आपल्याच घराचा पत्ता दिल्लीतल्या माणसाला फोन करून विचारावा, तसं. त्याला काय ठाऊक? मी तिथं आमच्या सर्व्हरचा पत्ता टाकला, डोमेनला जोडलं, कॉम्प्युटर रीस्टार्टला लावला आणि हात धुवायला गेले.

तेवढ्यात भाऊजी बाहेरून आले. "काय झालं, दादा?"

"सकाळपासून बंद हाय बघ."

भाऊजींनी राउटरचं बटण दाबलं, बंद केला, चालू केला. इकडं कॉम्प्युटर उठला, भजन सुरू!

मी टॉवेल घेऊन दारात. दादा डोळे मिटून म्हणाले, "मंगेशच्या हाताला गुणच हाय!"

*

ही कीर्ती पाचोडपर्यंत गेली. तिथं सासूबाईंच्या नणंदबाई राहतात, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मीच उचलला.

"आत्या, वायफायचा दिवा कसा लागतोय? लाल का हिरवा?"

"ते ऱ्हाऊ दे. मंगेशला दे."

दिला. भाऊजी म्हणाले, "आत्या, बंद कर. आता चालू कर." झालं, लागलं!

पुढच्या बाजाराच्या दिवशी पाचोडहून एका माणसाबरोबर मोसंबीची पिशवी आली. वर चिठ्ठी नाही, पण निरोप होता: "मंगेशसाठी." भाऊजींनी सगळ्यांना वाटली, मलाही दिली. आंबट निघाली असती तर बरं झालं असतं. साखरेसारखी गोड होती!

*

मग राउटर बदलला. नवीन बसवायला इंटरनेटवाला शकील आला. त्यानं बसवला आणि घरातले सगळे कॉम्प्युटर पुन्हा बाहेरच्या डीएनएसला पत्ता विचारायला लागले, कारण नवीन राउटर प्रत्येकाला तसंच सांगत होता. मी शकीलला म्हटलं, "शकीलभाई, इसमें डीएनएस की जगह मेरे सर्व्हर का पत्ता डालो."

शकील माझ्याकडं बघत राहिला. मग विचारलं, "मंगेशभाई किधर हैं?"

"दुकान पे. ये मेरा काम है, मैं कंपनी में यही करती हूँ."

"हौ भाभी, हौ," असं अदबीनं म्हणत त्यानं खिशातून फोन काढला. "मंगेशभाई, भाभी कुछ बोल रै. मेरे समझ में नै आरा."

स्पीकरवर मागं गिऱ्हाइकांचा गोंधळ. त्यातून भाऊजींचा आवाज आला, "भाभी जैसा बोल रै, वैसाच कर."

शकीलचा चेहरा उजळला. "ऐसा बोलो ना! अब समझा!"

*

एकदा मात्र भाऊजी माझ्या तावडीत सापडले. निदान मला तसं वाटलं.

भाऊजींच्या लॅपटॉपला सर्व्हर आत घेईना. दुकानाच्या मालाचे फोटो सर्व्हरवर, आणि फोल्डर उघडेना. मी पुन्हा डीएनएस तपासला. ठीक. पत्ता ठीक. नाव ठीक. सुट्टीची अख्खी दुपार त्यात गेली, जेवायचंही राहिलं. मग सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडं नजर गेली. लॅपटॉपचं घड्याळ दहा मिनिटं पुढं! आता डोमेन कंट्रोलर वेळेच्या बाबतीत कडक असतो. फार फरक दिसला की ओळखीच्या माणसालाही दारात थांबवतो.

"भाऊजी, घड्याळ कुणी पुढं केलं?"

"मीच केलं वहिनी. सकाळी दुकानाला उशीर होतो म्हणून."

मला इतका आनंद झाला! जेवायला सगळे बसेपर्यंत तो मी दाबून धरला. भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं, "आज दिवसभर जे बंद होतं ना, ते भाऊजींमुळं. ह्यांनीच घड्याळ पुढं करून ठेवलेलं!"

दादांनी घास खाली ठेवला. भाऊजींकडं बघितलं. मग सासूबाईंकडं वळून म्हणाले, "बघितलं का? पोरगं किती वक्तशीर हाय!"

*

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण एक दिवस माझ्या नवऱ्यानंच घात केला.

सतीशची मुलाखत होती, व्हिडिओवर. त्याची जुनी नोकरी जाणार हे नक्की झालं होतं आणि घरात ते फक्त आम्हा दोघांना माहीत. वरच्या खोलीत मोबाइलची रेंज येत नाही, सगळी मदार वायफायवर. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, लॅपटॉप उघडला, आणि लाईटनं झटका दिला. लाईट आली, पण इंटरनेट येईना. मी शेजारीच उभी होते. अगदी खांद्याला खांदा लावून. आणि सतीशनं जिन्यातून हाक मारली, "मंगेश! अरे लवकर ये!"

मी तडक खाली आले आणि गवार निवडायला घेतली. म्हटलं, बघू आज हाताचा गुण.

वर राउटर बंद झाला, चालू झाला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सतीशचा आवाज चढत होता. मला बरं वाटत होतं, आणि गवारीच्या शिरा टाकायच्या सोडून मी शेंगाच टाकत होते.

भाऊजी धावत स्वयंपाकघरात आले. घाम फुटलेला. "वहिनी, मला यातलं काय बी कळत नाय. लोक म्हणतात म्हणून मी बटण दाबतो. चला ना. दादाचं नुकसान होईल." सतीशला ते दादा म्हणतात.

गवार तशीच टाकून मी कोनाड्याकडं धावले. सर्व्हर चालू होता, पण त्याच्यावरचा डीएनएस त्या झटक्यात बंद पडला होता. घरातला प्रत्येक कॉम्प्युटर पत्ता विचारत होता आणि सांगणाराच झोपलेला! तो चालू केला. वर सतीशचा आवाज ऐकू आला, "गुड मॉर्निंग सर, येस, ऑडिबल."

मुलाखत छान झाली. नोकरीही मिळाली, पण ते पुढं. त्या दिवशी सतीश खाली आला आणि त्यानं मंगेशला मिठी मारली. भाऊजी मागं सरकले. "मी नाय, दादा. वहिनींनी केलं. मला नाय जमलं."

 सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदर नीट केला.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "केवढं मोठं मन हाय माझ्या लेकराचं! सगळं श्रेय वहिनीला देतो!"

*

आता गेल्या महिन्यातला सांगते, मग डबे बंद करू.

भाऊजींसाठी मुलगी बघायचा कार्यक्रम आमच्याच घरी ठरला. मुलगी आईवडिलांबरोबर आली. नाव वैशाली, पुण्यात नोकरी. दादांनी विचारलं, "काय काम असतं?"

"सर्व्हर सांभाळते. डोमेन, डीएनएस, असं."

चहाचा ट्रे मी पाहुण्यांऐवजी दादांपुढंच धरला. आता घरात दुसरी येणार, पुण्याची, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली! आणि दादा तर फुललेच. "मग आमच्याकडं पण हाय की! तो बघा कोनाड्यात. मंगेशच्या देखरेखीखाली!"

वैशालीनं उठून सर्व्हर बघितला. वाकून त्याच्यामागच्या केबल बघितल्या. मग ती भाऊजींना म्हणाली, "गच्चीवर बोलूया का?"

दोघं वर गेले. मी पोहे परतत होते आणि जळत होते. आता ती प्रश्न विचारणार, ह्यांचं सगळं उघडं पडणार. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

फार वेळ गेला नाही. दोघं खाली आले. भाऊजींचा चेहरा पडलेला. वैशाली आईशेजारी बसली आणि सरळ म्हणाली, "माझा होकार आहे."

तिचे वडील गोंधळले. "अगं, घरी जाऊन विचार कर की. विचारलंस तरी काय त्यांना?"

"डोमेन कंट्रोलर घरात कशाला ठेवलाय, एवढंच विचारलं."

दादा पुढं सरकले. "मग? काय म्हणाला आमचा मंगेश?"

वैशालीनं माझ्याकडं बघितलं.

"म्हणाले, ते मला नाय माहीत. पण ते बंद पडलं की वहिनी जेवत नाहीत."