तारीखबाईंचं कपाट

तोंडावर तिला सगळे सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे तारीखबाई. पाठीमागे नाव ठेवल्याशिवाय लोकांना जेवण पचत नाही हे खरं, पण हे नाव तिनं कमावलेलं होतं. मूल राहू नये म्हणून दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या एकशेवीस बायका तिच्या दवाखान्याला जोडलेल्या होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीची पुढची तारीख तिला पाठ होती. दवाखान्याच्या वहीत नुसते नंबर. बायकांच्या हाती कागद ती कधीच देत नसे. कागद घरी गेला की नवऱ्याच्या हाती लागतो, नवऱ्याच्या नाही तर सासूच्या, आणि मग त्या बाईचं काय होतं ते तिनं नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं.

म्हणून तिची रीत ठरलेली. गुरुवारी रक्तदाब तपासायचा. बायका रांगेनं दंड पुढे करायच्या, ही पट्टा गुंडाळायची, फुगा दाबायची आणि आकडा बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायची. जिची तारीख असेल तिला म्हणायची, "तुझा जरा जास्त वाटतोय, आत येऊन पड पाच मिनिटं." बाहेर बाकावर सासवा एकमेकींना सांगायच्या, आमच्या सुनेला बाई दाबाचा त्रास फार. त्रास होताच, पण तो कुणाचा हे सासवांना कोण सांगणार?

दवाखाना दोन खोल्यांचा. मागे भिंतीला भिंत लावून सरकारी घर, तेही दोन खोल्यांचंच. तिथं तिचा नवरा असायचा. तो सुतार. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि डावं अंग गेलं, जीभही जड झाली. उजवा हात आणि डोकं मात्र शाबूत. खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायातल्या वहाणांवरून माणूस ओळखायचा आणि बहुधा बरोबर ओळखायचा. त्यांची मुलगी दूरच्या शहरात होती. तिनं आईबाबांसाठी तळमजल्यावर एक खोली बांधून घेतली होती. दाराचं माप बापानंच फोनवर तीनतीनदा सांगितलं होतं, छत्तीस इंच, त्याहून अर्धा इंच कमी चालणार नाही, खुर्ची अडेल. खोली तयार होती. सिस्टरच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. दोघं नवराबायको ते महिने शाळेतल्या पोरांनी सुट्टीचे दिवस मोजावेत तसे मोजत होती.

आणि अशात ते कपाट आलं.

झालं असं, की शेजारशेजारच्या सात देशांनी एकत्र बसून लोकसंख्या, विकास आणि बायकांचं आरोग्य यांवर एक करार केला. करार चांगलाच होता, सिस्टरनं तो वाचला होता. एका देशात औषध संपलं तर दुसऱ्यानं द्यायचं, नव्या गोष्टी एकमेकांकडून शिकायच्या, कुठल्याही बाईला दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. हे शेवटचं वाक्य वाचून तर तिला रडूच आलं होतं. पण कराराखाली एक कलम होतं: प्रत्येक देशानं एक नमुना केंद्र दाखवावं आणि तिथं तीन महिन्यांचा साठा कायम कपाटात असावा. नमुना केंद्र म्हणून नशीब फुटलं ते तिच्या दवाखान्याचं, कारण तो हमरस्त्यावर होता आणि पाहुण्यांच्या गाड्या दारापर्यंत येऊ शकत होत्या.

जिल्ह्याचे अधिकारी स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरट होता, आणि घाबरट माणूस हाताखालच्यांना वाइटापेक्षा महाग पडतो. त्यांनी आसपासच्या चार दवाखान्यांतली इंजेक्शनं गोळा करून आणली, काचेच्या दाराच्या नव्या कपाटात एकशेवीस खोकी ओळीनं लावली, कुलूप घातलं, कुलपावर लाखेची मोहर लावली आणि किल्ली खिशात टाकली.

"साहेब, आणि बायकांना काय देऊ?" सिस्टरनं विचारलं.

"पाहुणे येऊन गेले की उघडू. आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

"यातलं एक काढलं तर?"

"तर एकशेएकोणीस होतील," अधिकारी म्हणाले. "साठा कायम हवा असं लिहिलंय. कायम म्हणजे कायम."

म्हणजे बायकांना औषध कधी कमी पडू नये म्हणून ते बायकांना द्यायचं नाही! असली अक्कल एका माणसाला सुचत नाही, त्याला सात देशच लागतात.

आठवडा गेला. पाहुणे आले नाहीत. एका देशाला मसुद्यातला एक शब्द पसंत नव्हता. तो बदलला तर दुसऱ्याला नवा शब्द खटकला. मग एका ठिकाणी मंत्री बदलला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सिस्टरनं वरच्या कचेरीकडे नवी मागणी पाठवली, तर उलट टपाली उत्तर आलं: आपल्याकडे तीन महिन्यांचा साठा शिल्लक असताना मागणीचं प्रयोजन काय?

गुरुवार येत राहिले. ती पट्टा बांधायची, आकडा सांगायची आणि पुढे काही सांगायची नाही. बायका काचेआडच्या खोक्यांकडे बघायच्या आणि मग तिच्याकडे. तिसऱ्या गुरुवारी शिंप्याची बायको आली. चार मुलं, चौथ्या वेळी इतकं रक्त गेलं होतं की मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, पाचवं झालं तर बाई राहणार नाही. नवऱ्याला ते सांगून झालं होतं. तो म्हणाला होता, डॉक्टर असंच बोलतात.

"सिस्टर, माझी तारीख होऊन दहा दिवस झाले."

"मला माहीत आहे."

"अजून किती दिवस चालेल?"

"चार. त्यापुढे मी सांगू शकत नाही."

त्या बाईनं बाही खाली केली आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "माझ्या धाकटीला अजून चमच्यानं भरवावं लागतं." एवढंच. सिस्टरला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की पुढच्या बाईचा दाब तिनं दोनदा घेतला तरी आकडा डोक्यात शिरेना.

दुपारी ती घरात येऊन नवऱ्यापुढे बसली. मोहर तोडली तर निलंबन. निलंबन झालं तर हे घर जाणार, निवृत्तिवेतन अडकणार, आणि या माणसाला खुर्चीसकट कुठं घेऊन जायचं? इकडे आड, तिकडे विहीर. तिनं सगळं सांगितलं. नवरा मग जड जिभेनं एकेक शब्द जुळवत म्हणाला, "कुलूप... पुढे आहे. मागे... काय आहे?"

"मागे फळी."

"स्क्रू... किती?"

ती उठून कपाट भिंतीपासून हातभर ओढून बघून आली. "सहा."

त्यानं उजव्या हातानं खाटेखालची आपली जुनी पेटी दाखवली.

त्या दुपारी तिनं आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली. मागची फळी काढून मागच्या ओळीतलं एक खोकं घेतलं, बाटली काढली, रिकामं खोकं पुन्हा जागेवर ठेवलं, सहाच्या सहा स्क्रू आवळले आणि रक्तदाबाचं यंत्र काखोटीला मारून शिंप्याच्या घरी गेली. सासूला म्हणाली, "सकाळी सुनेचा दाब फार होता, म्हणून आले." सासू म्हणाली, "बघा ना, मी कधीची सांगतेय."

एकदा बोट बुडालं की हात बुडायला किती वेळ? पुढच्या गुरुवारी तिघी, त्यापुढच्या गुरुवारी सहा. शेजारच्या चार दवाखान्यांतल्या बायकाही येऊ लागल्या, कारण त्यांच्याकडचं सगळं इथंच आणून ठेवलं होतं. पाच महिन्यांनी पाहुणे खरंच आले, तेव्हा कपाटातल्या एकशेवीस खोक्यांपैकी त्र्याण्णव रिकामी होती. पुढची ओळ तेवढी तिनं भरलेली ठेवली होती.

सात देशांची माणसं दोन खोल्यांत दाटीवाटीनं उभी राहिली. अधिकाऱ्यांनी मोहर तोडली, दार उघडलं. एका पाहुणीबाईंनी पुढचंच एक खोकं उचललं. बाईंनी खोकं फिरवून खालची तारीख वाचली, "अजून अडीच वर्षं चांगलं आहे," म्हणाल्या आणि परत ठेवलं. मग सिस्टरचे दोन्ही हात हातात घेऊन विचारलं, "एकही कमी नाही. हे तुम्ही कसं जमवता?" सिस्टर म्हणाली, "मागचंपुढचं बघून करावं लागतं." अधिकारी इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, हे कपाट असंच नमुना म्हणून राहील. पाहुणे वळायच्या आत कुलूप पुन्हा लागलं, पुन्हा लाख.

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे हे अखेर सरकारलाही मान्य करावं लागलं, आणि बायकांसाठी वेगळी खोकी येऊ लागली. ती पुरती नसायची. त्यातली एकेक बाटली कपाटात परत ठेवता आली असती, पण प्रत्येक बाटलीमागे एका बाईची तारीख चुकली असती. तो हिशेब तिला कधीच जमला नाही. वरून पत्र आलं: आपलं काम पाहता दोन वर्षांची मुदतवाढ देण्यास कचेरी तयार आहे. तिनं हसून ते पत्र बाजूला ठेवलं. छत्तीस इंची दार तिकडे उघडं होतं. कपाटाचा विचार ती करत नसे. अजून वेळ आहे, म्हणायची.

वेळ संपला. शेवटच्या आठवड्यात चार्ज घ्यायला नवी सिस्टर आली. अठ्ठावीस वर्षांची, पहिलीच कायम नोकरी, बोलायला चटपटीत. किल्ली आणि मोहरेचा शिक्का अधिकाऱ्यांनी तिच्याकडेच दिले होते. कपाटातलं खोकं न् खोकं मोजून तिनं सही करायची होती. तिनं लाख फोडली आणि मोजायला सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीतलं खोकं तिनं उचललं, आणि तिचा हात थांबला. खोक्याला वजनच नव्हतं. तिनं दुसरं उचललं, मग तिसरं. मग वळून सिस्टरकडे पाहिलं.

सिस्टरनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडलीही नाही.

पोरीनं कागद ओढून घेतला. "मी करते सही. एकशेवीस पूर्ण. तुम्ही जा सिस्टर, काका वाट बघतायत. फक्त त्या बायकांच्या तारखा मला सांगून जा."

तिनं पेन उघडलं. सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. हिच्यापुढे तीस वर्षांची नोकरी होती. उद्या कुणी कपाट उघडून दाखवायला सांगितलं तर सही हिची असेल. आज चांगुलपणानं सही करते आहे, उद्या त्याच सहीनं बांधली जाईल, आणि आपण तिकडे तळमजल्यावर खिडकीशी बसून असू. मुदत संपलेलं औषध मात्र खोकी न उघडता, पंचांसमोर मोजून जाळून टाकतात, असा नियम होता. मुदत संपायला अजून दोन वर्षं होती. तारीख तिला पाठ होती.

तिनं पेन पोरीच्या हातातून काढून घेतलं.

"सही करायची नाही," ती म्हणाली. "साहेबांना सांग, म्हातारीनं विचार बदलला, मुदतवाढ घेतेय. आणि लाख लावून घे. मेणबत्ती त्या खणात आहे."

"अहो, पण तुमची खोली..."

"खोली कुठं पळून जात नाही."

ती मागच्या घरात गेली तेव्हा दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. नवऱ्यानं सकाळपासून खपून आपली पेटी बांधली होती. एका हातानं, दुसरं टोक दातांत धरून, दोरीला पक्की सुताराची गाठ मारली होती. तिला बघून त्यानं गाठीवर थाप मारून दाखवली.

ती नुसती दाराला टेकून उभी राहिली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, जिच्या पलीकडे ते कपाट होतं.

"किती?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं."

त्यानं मान खाली घातली, दोरीचं टोक पुन्हा दातांत धरलं आणि गाठ सोडायला लागला.